मिड-इंजिन, मागची चाकं, पंचेचाळीस हजार

माझ्याकडे एक मिड-इंजिन जपानी क्लासिक आहे. इंजिन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये, ताकद मागच्या चाकांना, चार गिअर, कार्ब्युरेटर, वजन आठशे किलोच्या आसपास. ठाण्यात कुठेही हे सांगितलं की समोरचा म्हणतो, फोटो दाखव. फोटो दाखवला की तो हसतो. फोटोत पांढरी मारुती ओम्नी असते. १९९८ची, एमएच ०४.

हसून घ्या. मलाही हसायला आवडतं, आणि हिंदी सिनेमातल्या अपहरणाचे सगळे विनोद मला पाठ आहेत. पण मी सांगितलेल्या यादीतली एकही गोष्ट खोटी नाही. तुम्ही हसता कारण 'क्लासिक' या शब्दाबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे महाराजांची रोल्स-रॉइस येते आणि 'मिड-इंजिन' म्हटलं की फेरारी. हे दोन्ही शब्द आपण श्रीमंतांना कायमचे देऊन टाकलेत. ते परत मागावेत म्हणून हा लेख.

थोडं यंत्राबद्दल बोलू, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. गाडीत सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन. ते नाकात ठेवलं की वळताना नाक बाहेर पळतं, शेपटीत ठेवलं की शेपूट. मध्ये ठेवलं की गाडी स्वतःभोवती चटकन वळते. फुगडी घालताना हात ताठ असतात तेव्हा गिरकी संथ असते आणि जोडीदारीण जवळ ओढली की वेग वाढतो, तसंच हे. रेसिंगच्या गाड्या याच कारणाने अशा बांधतात. पण मध्ये इंजिन ठेवायचं तर मागची सीट जाते, डिकी जाते, खर्च वाढतो. म्हणून कित्येक वर्षं ही रचना पैसेवाल्यांच्या गाड्यांतच जास्त दिसायची.

जपान्यांनी यावर स्वस्त उत्तर शोधलं. १९८४ साली टोयोटाने एमआर२ बाजारात आणली. दोन सीट, डोळे उघडझाप करणारे हेडलाइट, आणि सीटमागे कोरोलाच्या कुळातलं साधं १.६ लिटरचं इंजिन. पुढच्या चाकांना ताकद देणारी कोरोलाची यंत्रणा उचलून मागे ठेवली, झाली मिड-इंजिन गाडी. सुटे भाग कोरोलाचे, त्यामुळे नोकरदार माणसाला परवडणारी. पुढे १९९१ला होंडाने बीट काढली, ६५६ सीसीची, छत उघडणारी. १९९२ला ऑटोझॅम एझेड-१ आली, पंखासारखे वर उघडणारे दरवाजे आणि सीटमागे सुझुकीचं तीन सिलिंडरचं एफ६ए टर्बो इंजिन.

आता हे एफ६ए नाव लक्षात ठेवा. आपल्या मारुती ८००मध्ये आणि ओम्नीमध्ये होतं ते एफ८बी. एकाच एफ कुळातली ही भावंडं आहेत. एकाच्या नशिबी पंखांचे दरवाजे आले, दुसऱ्याच्या नशिबी सरकते. ओम्नी भारतात आली तीही १९८४लाच, 'मारुती व्हॅन' या नावाने. ओम्नी हे नाव १९८८चं. जपानमध्ये ती सुझुकी कॅरी होती, मालवाहू कामाची गाडी. तिच्या आखणीत कुणी रेसिंगचा विचार केला नव्हता, जागा वाचवण्याचा केला होता. इंजिन पुढच्या सीटखाली ढकललं की नाक लागतच नाही. कारण वेगळं, पण रचनेचा पत्ता एमआर२च्याच गल्लीतला.

ओम्नी ही स्पोर्ट्स कार आहे असं मी म्हणणार नाही. ती उंच आहे, अरुंद आहे, मागे पाटे आहेत, आणि ३५-३७ बीएचपीवर कुणी शर्यत जिंकत नाही. मी म्हणतो ते एवढंच की स्पोर्ट्स कार चालवताना माणसाला जे सुख मिळतं, त्यातला मोठा हिस्सा या गाडीत मिळतो. आणि तो पंचेचाळीस हजारांत मिळतो. मी २०१६ साली एवढे मोजले, डोंबिवलीच्या एका केटररकडून. आत महिनाभर फोडणीचा वास येत होता.

"मग खरीखुरी एमआर२च का नाही घेत?" असं एक मित्र नेहमी विचारतो. उत्तर सोपं आहे. जुनी गाडी आपल्या देशात आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, हा नियम. एमआर२चं उत्पादन २००७ला संपलं. मागे २०२५मध्ये सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीला मोकळीक दिली, त्या हिशोबाने पहिली एमआर२ २०३४ला पात्र होईल. तोवर न्हावा-शेवाहून निघालेले कंटेनर माझ्या घरासमोरून घोडबंदर रोडने गुजरातकडे जात राहतील, आणि त्यांतल्या एकातही एमआर२ नसेल. अमेरिकेत २५ वर्षं झालेली गाडी आणता येते. त्यामुळे तिथली पोरं जपानमधून बीट आणि एझेड-१ उचलतात आणि आपण त्यांचे व्हिडिओ लोकलमध्ये बघतो.

तेव्हा जे आहे ते चालवायचं. आणि घोडबंदर रोडवर राहून तक्रार करायची माझी इच्छा नाही, निदान रविवारी पहाटे साडेपाचला तरी नाही. इतर वेळी हा रस्ता काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोचे खांब, पत्र्याची कुंपणं, अवजड वाहनांची रांग, आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये थोडा रस्ता. पण पहाटे ओवळा, भाईंदरपाडा मागे टाकून गायमुखला पोचलं की डावीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि उजवीकडे खाडी. घाट छोटासाच आहे, चारदोन वळणांचा. पुढे चेणे, काजूपाडा, घोडबंदर गाव आणि फाउंटन हॉटेल. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. माझ्याकडे पस्तीसेक घोडे आहेत, तेही म्हातारे.

या घाटात ओम्नी चालवणं म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही चाकाच्या जवळजवळ वर बसलेले असता. पुढे बॉनेट नाही, त्यामुळे रस्ता थेट पायाखालून येतो. पॉवर स्टिअरिंग नाही, पण चाकांवर वजन एवढं कमी की त्याची गरजही नाही. बारा इंची टायर, तेही हाताच्या पंजाएवढे रुंद, त्यामुळे खडी कुठे आहे आणि ओल कुठे आहे ते तळहाताला कळतं. चढाला तिसरा गिअर दम टाकायला लागला की दुसरा टाकायचा, पाय पूर्ण दाबायचा आणि सीटखालून येणारा तीन सिलिंडरचा खडखडाट ऐकायचा. इंजिनातलं जे आहे ते सगळं वापरात असतं. स्पीडोमीटर पंचेचाळीस दाखवत असतो. वेग कायद्यात बसतो आणि मजा मात्र नव्वदची येते.

दीडशे-दोनशे बीएचपीच्या एसयूव्हीत ही मजा नाही. असूच शकत नाही. तिची ताकद वापरायला या रस्त्यावर जागाच नाही. मानपाड्याच्या सिग्नलला तिचे घोडे आणि माझे घोडे सारख्याच वेगाने उभे असतात, फक्त तिच्या घोड्यांवर सात वर्षांचा हप्ता असतो.

इथे माझं भांडण सुरू होतं. घोडबंदर रोडवरच्या संकुलांत गाडी आता चालवायची वस्तू राहिली नाही, ती पार्किंगमध्ये उभी करून दाखवायची झाली आहे. ओम्नीची लांबी ३.३७ मीटर, रुंदी १.४१ मीटर. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४.६६, रुंदी १.९२. गुणाकार करून बघा, एका स्कॉर्पिओच्या जागेत जवळपास दोन ओम्नी मावतात. ओम्नीत मागे आडवी फळी टाकून अख्खी वाडीतली पोरं नेलेली मी लहानपणी पाहिली आहेत. एसयूव्हीत बहुतेक वेळा एकटा माणूस असतो आणि मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग.

तरीही 'जागा अडवणारी' गाडी कोणती? माझी. आमच्या एका बैठकीत प्रस्ताव आला होता की पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या मुख्य प्रवेशद्वारासमोरच्या पार्किंगमध्ये लावू नयेत, कारण त्याने संकुलाचं 'इम्प्रेशन' बिघडतं. फ्लॅट बघायला येणाऱ्यांना वाटतं की इथे तसले लोक राहतात. तसले म्हणजे कसले, हे मी विचारलं. कुणी बोललं नाही. पण सगळ्यांना माहीत होतं. भाजीवाले, केटरर, स्कूल व्हॅनवाले काका, मंडपवाले, विरारहून फुलं आणणारे. ज्यांनी ओम्नीवर संसार उभे केले ते. त्या प्रस्तावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गणपती भाद्रपदात ओम्नीतूनच येतात, कारण सरकता दरवाजा आणि सपाट तळ असलेल्या गाडीत मूर्तीचा मुकुट अडकत नाही. देवाला चालते ती गाडी सोसायटीच्या कमिटीला चालत नाही.

हे सोसायटीपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण हीच नजर कायद्यातही आहे.

गाडीची १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. माझ्या ओम्नीचं २०१८ला झालं तेव्हा शुल्क ६०० रुपये होतं. २०२२च्या एप्रिलपासून ते ५,००० झालं, म्हणजे २०२३ला मी ५,००० भरले. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० केलं. २०२८ला माझी पाळी. पर्यावरण कर वेगळा. दहा वर्षांत ६०० वरून १०,०००, आणि गाडीची बाजारातली किंमत चाळीस-पन्नास हजार. सरकारी भाषेत याला जुन्या गाड्या ठेवण्यापासून परावृत्त करणं म्हणतात. साध्या मराठीत, विक भंगारात.

आता दुसरं पान उघडा. जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट. पहिल्या नोंदणीला २०,०००, पुढच्या पुनर्नोंदणीला ५,०००. नीट वाचा. पन्नास वर्षांच्या पॅकार्डला ५,००० आणि तीस वर्षांच्या ओम्नीला १०,०००. एकीला 'वारसा' म्हटलंय, दुसरीला 'प्रदूषण'. त्या पॅकार्डचा धूर काय अत्तराचा असतो?

बरं, त्या व्हिंटेज गाडीने रोज फिरायला बंदी आहे. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. नियम करताना डोळ्यांपुढे कोण होतं ते यातून कळतं. ज्याच्याकडे रोज फिरायला दुसरी गाडी आहे आणि जुनी उभी करायला गॅरेज आहे, तो. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या गाडीला 'एच' अक्षराची प्लेट मिळते आणि ती रोज चालवता येते. ब्रिटनमध्ये ४० वर्षं झाली की रस्ता कर माफ. आपल्याकडे ५०, आणि मधल्या वीस-तीस वर्षांत दंडासारखं शुल्क. एवढी वर्षं कुठली गाडी टिकते? ज्याच्या घराला पोर्च आहे त्याची. उघड्या पार्किंगमध्ये कोकणी पावसाचे पन्नास मोसम काढणारा पत्रा अजून जन्माला यायचाय.

परिणाम काय होतो ते ठाणे जिल्ह्यातच बघा. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. फ्रेंच गाडी, बांधणारे हात डोंबिवली-कल्याणचे. तुम्ही शेवटची ३०९ कधी पाहिलीत? तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलीच नसेल. त्या गाड्या बनवणाऱ्या माणसांच्या नातवंडांना 'आजोबा हे करायचे' म्हणून दाखवायला रस्त्यावर एक गाडी सापडणं मुश्कील. प्रीमियर पद्मिनीचं तेच. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकले. आधीच्या वीस वर्षांत तिच्यासाठी कुणी काय केलं होतं?

देशातली पहिली मारुती ८००, जिची चावी १४ डिसेंबर १९८३ला खुद्द इंदिरा गांधींनी मालकाच्या हाती दिली, तीसुद्धा मालक गेल्यावर दिल्लीत घराबाहेर गंजत उभी होती. बातम्या आल्या, लोक हळहळले, मग ती दुरुस्त झाली आणि आता कंपनीच्या मुख्यालयात आहे. पहिल्या गाडीला एवढं करावं लागलं. दोन लाखाव्या गाडीचं कोण करणार? मध्यमवर्गाचा मोटारींचा इतिहास हा असा गाडीगणिक पुसला जातोय, आणि संग्रहालयात उद्या फक्त राजेरजवाडे उरतील. जणू या देशात बाकी सगळे चालतच होते.

विरोधातले दोन मुद्दे खरे आहेत आणि ते मी टाळणार नाही. पहिला सुरक्षेचा. ओम्नीत तुमच्या गुडघ्यांपुढे थोडा पत्रा आहे आणि मग थेट समोरचा ट्रक. एअरबॅग नाही, एबीएस नाही. नव्या सुरक्षा निकषांत ती बसणार नव्हती, म्हणूनच २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि ते योग्यच झालं. पोरांना शाळेत न्यायला ही गाडी वापरू नका. मी हायवेला ती साठच्या वर नेत नाही, पावसाळी रात्री बाहेर काढत नाही आणि घरच्यांना लांब न्यायचं असेल तर ट्रेन पकडतो. पण मोटरसायकलवर छातीपुढे काहीच नसतं, तरी तिला आपण 'पॅशन' म्हणतो. धोका पत्करायचा हक्क फक्त साडेतीन लाखांची बाइक घेणाऱ्यालाच का?

दुसरा धुराचा. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडतं, यात वाद नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पीयूसी आहे आणि ती खरोखर तपासून मिळावी, खिडकीतून पन्नासची नोट सरकवून नाही, या मताचा मी आहे. पण माझी गाडी वर्षाला जेमतेम दीड हजार किलोमीटर चालते. धूर किलोमीटरवर ठरतो, जन्मतारखेवर नाही. शुल्क लावायचंच तर चाललेल्या अंतरावर लावा. ओडोमीटर वाचायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागतं?

मागणी साधी आहे. ३० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या, खासगी गाडीला वारसा म्हणून वेगळी नोंद द्या. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, धुराची आणि ब्रेकची कडक चाचणी घ्या, आणि त्या मर्यादेत ती कुठल्याही दिवशी चालवू द्या, रॅली असो नसो. शुल्क पॅकार्डइतकंच ठेवा, जास्त मागत नाही. माझी ओम्नी २०२८लाच तिशी गाठते.

आणि तुम्ही. पंचविशीतले, पहिली नोकरी, खात्यात साठ हजार, आणि रोज रात्री एमआर२चे व्हिडिओ. आत्ता एक ओम्नी घ्या, कारण कोपऱ्याकोपऱ्यावरच्या ओम्नी भंगारवाल्याकडे निघाल्या आहेत. बघायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका. पुढच्या सीट उचला, तेलाचं झाकण उघडा, आत पांढरा मलईसारखा थर असेल तर हेड गॅस्केट गेलं, नमस्कार करून निघा. चटई काढून तळाचा पत्रा अंगठ्याने दाबा, सरकत्या दरवाजाची खालची रेलही बघा, गंज तिथूनच सुरू होतो. एलपीजी किट लावून काढलेली असेल तर कागदपत्रांत ते उतरलंय का पाहा, नाहीतर आरटीओत चपला झिजतील. शक्य तर थंड इंजिनावर चोक ओढून स्वतः चालू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजून जा. बाळकुम-कोलशेतच्या बाजूला अजून असे मिस्त्री आहेत जे नुसत्या आवाजावरून टॅपेट सेट करतात, पण ते साठीला आले आहेत आणि त्यांची पोरं मोबाइल दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गाडी न्याल तेव्हा बाजूला उभं राहून बघा, हातात पाना द्यायला सांगितलं तर द्या. कार्ब्युरेटर उघडून साफ करायला एक दुपार पुरते, आणि ते एकदा जमलं की पुढच्या रविवारी पहाटे गायमुखला भेटूच. मी खाडीच्या बाजूला पांढऱ्या गाडीत असेन. सीट उचलून उभा असलो तर काळजी करू नका, इंजिन थंड करतोय.